सिल्लोडचा तह

निवृत्त झाले तेव्हा मी दोन गोष्टी ठरवल्या होत्या. परीक्षेचे पेपर तपासायचे नाहीत आणि तत्त्वज्ञान सोडायचं नाही. पहिली आपोआप जमली. दुसरीसाठी माणसं लागतात. कॉलेजात समोर वर्ग असायचा, तो ऐको न ऐको. घरात कुणाला शिकवणार? मुलगी लग्न होऊन पुण्याला, आणि नवऱ्यानं तर पूर्वीच हात जोडलेले. म्हणून ओळखीच्या चार-पाच जणांना गोळा करून मी एक अभ्यासमंडळ सुरू केलं. महिन्यातनं एका रविवारी सकाळी आम्ही क्रांती चौकाजवळच्या एका वाचनालयाच्या मागच्या खोलीत जमायचो. सतरंजी, चहा, आणि दोन तास बोलणं.

मंडळात बँकेतनं निवृत्त झालेल्या एक बाई होत्या, होमिओपॅथीचे एक डॉक्टर होते. पण खरी बोलणारी माणसं दोन. एक इंजिनिअर, शेंद्र्याचे. त्यांच्या घरची जमीन औद्योगिक वसाहतीत गेली आणि पुढं त्याच वसाहतीतल्या एका कारखान्यात त्यांना नोकरी लागली. जिथं आजोबांनी ज्वारी काढली तिथं मी बॉयलर चालवला, असं ते हसत सांगायचे. दुसरे वकीलसाहेब. मूळचे सिल्लोडचे, शाळा उर्दू माध्यमाची, वकिली इथल्या दिवाणी कोर्टात. वाटणी, बांध, वहिवाट, असले दावे लढवण्यात त्यांची हयात गेली होती. बोलायला लागले की त्यांची मराठी कोर्टातनं निघून मध्येच दखनीत शिरायची आणि परत यायची, त्यांना स्वतःला ते कळायचंही नाही. मी त्यांना वकीलसाहेब म्हणायचे, ते मला मॅडम. आमचं वय साधारण सारखंच.

मंडळाचा विषय आम्ही मिळून ठरवायचो. गेल्या वर्षी तो इंजिनिअरनी काढला. टीव्हीवर रोज कुठल्यातरी युद्धाची दृश्यं चालू होती, पडलेल्या इमारती, पळणारी माणसं. एका रविवारी आल्या आल्या ते म्हणाले, "मॅडम, हे थांबवायचा काही उपाय तुमच्या पुस्तकांत हाय का नाय? का नुसतंच आत्मा न् परमात्मा?"

मी म्हणाले, "आहे. दोन-तीनशे वर्षांपासून माणसं त्यावर डोकं चालवतायत."

तो विषय मला आवडायचाच. कॉलेजात शिकवताना त्याला वेळ मिळायचा नाही. एखादा तास, तोही परीक्षेला येत नाही म्हणून अर्धा वर्ग रिकामा. आता मी निवांत मांडला. गावात दोघांचं भांडण झालं तर वर कोर्ट असतं, पोलीस असतात. दोन देशांचं भांडण झालं तर वर कुणीच नाही. ते एकमेकांसमोर रानात भेटलेल्या माणसांसारखे उभे. मग शांतता आणायची कशी? एक वाट अशी की सगळ्या देशांचं मिळून एकच राज्य करावं. पण ज्यांनी यावर खोल विचार केला त्यांना हीच वाट भीतिदायक वाटली. एवढं मोठं राज्य बिघडलं तर पळून जायचं कुठं? त्याला नाही म्हणणार कोण? म्हणून दुसरी वाट. प्रत्येकानं आपापलं घर, आपापला कायदा सांभाळावा, पण आपल्या राजीखुशीनं एका संघात यावं. संघाचं काम एकच, आपसात युद्ध करायचं नाही. आधी एक येईल, त्याचं बघून शेजारचा येईल, आणि असा तो हळूहळू पसरेल.

एक अट मात्र मी त्यांना मुद्दाम सांगितली, कारण मला ती सगळ्यात सुंदर वाटते. तह करताना मनात काही राखून ठेवायचं नाही. सही तर केली, पण जुनं एक येणं मनात बांधून ठेवलं आणि बळ आलं की ते काढायचं, असं असेल तर तो तह नव्हे. ती दोन लढायांमधली विश्रांती.

वकीलसाहेबांना हे सगळं ऐकून राहवेना. गुडघ्यावर हात आपटून म्हणाले, "मॅडम, मी सांगू? दावा जिंकणं अवघड नाही. हुकूमनामा मिळतो. पण तो हातात घेऊन जमिनीवर गेलं की समोरचा काठी घेऊन उभा. मग कोर्टात परत दरखास्त करायची, की बाबांनो, तुम्हीच दिलेला निकाल अमलात आणा. माझे असे अशील आहेत की बाप गेला, लेक म्हातारा झाला, कबजा काही मिळाला नाही. आता तुमच्या संघाचं बोला. कुणी सही मोडली तर? निकाल अमलात आणणारा तुमचा बेलीफ कोण?"

"बेलीफ आला की तो संघ राहत नाही, त्याचं राज्य होतं."

"तो होने दो ना! बेलीफ नसला तर तो संघ नाही, तो सल्ला आहे. सल्ल्यानं कुणी बांध मागं घेत नाही."

"पण त्या बेलिफावर बेलीफ कोण?"

असं ते दोन-तीन रविवार चाललं. मला मजा येत होती. कॉलेजात पंचवीस वर्षं कुणी माझ्याशी इतकं जीव तोडून भांडलं नव्हतं. पण तिसऱ्या की चौथ्या बैठकीला मी जरा चिडले. मुद्दे संपले होते बहुतेक. मी म्हणाले, "वकीलसाहेब, कोर्टात जन्म गेला ना तुमचा, म्हणून तुमचा कुणावर विश्वासच उरला नाही."

सगळे हसले. वकीलसाहेबही हसले. चहा झाला, आम्ही उठलो.

त्याच आठवड्यात मुलीचं एक ऑपरेशन निघालं आणि मी पुण्याला गेले. ते नीट पार पडलं, पण बाळ लहान, म्हणून माझा मुक्काम वाढला. एक बैठक माझ्याविना झाली. तेव्हा वाचनालयाच्या खोलीचं छत दुरुस्तीला काढलं होतं, म्हणून ती इंजिनिअरांच्या घरी झाली, हे मला मंडळाच्या मोबाइलवरच्या ग्रुपमधनं कळलं. परत आले तर वकीलसाहेब नव्हते. त्याच्या पुढच्या बैठकीलाही नव्हते.

फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला, तेच.

इंजिनिअर म्हणाले, "येतील की. अडकले असतील कशात."

पण मला आता एकेक आठवायला लागलं. माझं ते वाक्य. आपल्यात कुणी कुणाला तसं म्हटलं असतं तर ती थट्टाच ठरली असती. पण हे शहर कसं आहे ते मला ठाऊक आहे. इथं मी जन्म काढला. शहराचं नाव बदललं तेव्हा घराघरात, रिक्षात, दुकानात त्यावरनं बोलणं व्हायचं, आणि समोर कोण बसलंय ते बघून बोलणं बदलायचंही. आमच्या मंडळात त्यावर कधी चर्चा झाली नाही. सगळेच नुसतं 'शहर' म्हणायचो. कुणी ठरवलं नव्हतं, ते आपसूक झालं होतं. आणि तशा शहरात, चार जणांत, मी त्यांना म्हणाले की तुमचा कुणावर विश्वास नाही. त्यांनी ते कसं ऐकलं असेल? किती जणांनी किती वेळा त्यांना हे वेगळ्या सुरात ऐकवलं असेल? मी ज्या अर्थानं बोलले तो अर्थ माझ्या डोक्यात होता. त्यांच्या कानावर गेलं ते वाक्य.

हे मी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "तू फार विचार करतेस. फोन लाव."

"उचलत नाहीत."

"मग जाऊन ये."

जाऊ कुठं? ते राहायचे जुन्या शहरात, पण घर मी पाहिलेलं नव्हतं. इतक्या वर्षांत आम्ही एकमेकांच्या घरी गेलेलो नव्हतो, हेही मला तेव्हाच लक्षात आलं. दिवाळी झाली. एक दिवस क्रांती चौकात चष्म्याच्या दुकानातनं बाहेर पडत होते, तर वकीलसाहेबांचे एक जुने अशील भेटले. बैठकीच्या वेळी ते कधीमधी कागदावर सही घ्यायला वाचनालयात यायचे, म्हणून ओळखीचे. मी विचारलं.

"साहेब व्हय? साहेब सिल्लोडला गेले की, लेकाकडं. तब्येत जरा..." त्यांनी कानाकडं बोट नेऊन हात हलवला. "बसस्टँडपासनं पुढं गेलं की मक्याची आडत हाय लेकाची. कुनालाबी विचारा."

दुसऱ्याच दिवशी सकाळी मी सिल्लोडची बस धरली. जळगाव रस्त्यावर कापसाच्या गाड्या पुढं चाललेल्या, बस त्यांच्यामागं रेंगाळायची. फुलंब्रीपर्यंत मी काय बोलायचं ते मनात जुळवत होते. आधी तब्येत विचारायची. मग सरळ म्हणायचं की त्या दिवशी मी बोलले ते तुम्हाला लागलं असेल तर माझा तसा अर्थ नव्हता. नंतर वाटलं, 'असेल तर' नको. असल्या शब्दांनी माफी पातळ होते. मग पुन्हा पहिल्यापासनं. फुलंब्रीच्या पुढं मी जुळवणं सोडून दिलं आणि खिडकीबाहेर बघत बसले.

आडत सापडली, आणि तिच्या मागंच घर. दारात उभी राहिले तर एक ठेंगण्याशा बाई, वकीलसाहेबांच्या घरच्या भाभी, पुढं आल्या. मी कोण ते सांगितलं, तर त्यांचा चेहरा खुलला.

"अरे, मॅडम? वो फिलॉसफीवाले? आपा, इत्ती दूर से आए! पैले बैठो, पानी पीओ, बाद में बात."

म्हणजे घरात माझं नाव निघत होतं, आणि भाभींच्या तोंडावर तर राग नव्हता. मला तेवढ्यानंही बरं वाटलं.

वकीलसाहेब अंगणात खाटेवर पेपर वाचत होते. मी समोर जाईपर्यंत त्यांना कुणी आलंय याचा पत्ताच नव्हता. मान वर केली आणि गडबडीनं उठले. "मॅडम! तुम्ही? या, या. बसा." जरा वाळले होते. बाकी तेच.

मी खुर्चीत बसले आणि तब्येतीबिब्येतीचं सगळं विसरून एकदम मुद्द्यावर आले. म्हणाले, "वकीलसाहेब, मी त्या दिवशी बोलले त्याची माफी मागायला आलेय."

"काय?"

"त्या दिवशी मी बोलले ना..."

"जरा मोठ्यानं, मॅडम."

मी आवाज चढवला. त्यांनी मान हलवली, पण काही कळलं नव्हतं हे दिसत होतं. तेवढ्यात भाभी पाणी घेऊन आल्या, माझ्याकडं बघितलं, त्यांच्याकडं बघितलं आणि आत गेल्या. येताना एक छोटी डबी आणली. "मशीन लगाओ ना जी. डब्बे में रखने के वास्ते लाए क्या?" वकीलसाहेबांनी तोंड वाकडं करत कानाचं यंत्र बसवलं. त्यातनं बारीक शिटी निघाली. त्यांनी ते काढलं, फुंकर मारली, पुन्हा बसवलं. पुन्हा शिटी. मग एकदाची थांबली, पण मला ते कळलं नाही. मी सगळा जोर लावून ओरडले,

"तुमचा कुणावर विश्वासच उरला नाही, असं मी म्हणाले होते!"

अंगणात एकदम शांत झालं. पलीकडं आडतीत मका भरणारी माणसं हातातलं काम थांबवून भिंतीवरनं डोकावली. दारात भाभी आणि त्यांची सून उभ्या राहिल्या. मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं.

वकीलसाहेब माझ्याकडं बघत राहिले. म्हणाले, "असं म्हणालात? कधी?"

"शेवटच्या बैठकीत. सगळे हसले होते. तुम्हीही हसलात."

"सब हँसे, तो मैं भी हँसा!" ते म्हणाले. "मला वाटलं, चहावरनं कुणी काही विनोद केला. मॅडम, मला वर्षभर नीट ऐकू येत नव्हतं. निम्मी चर्चा मी तुमच्या ओठांकडं बघून करत होतो. राहिलेली अंदाजानं."

"मग ते बेलीफ, हुकूमनामा, ते सगळं?"

"ते माझं पाठ आहे. त्याला ऐकायला कशाला पाहिजे?"

मला आधी समजेना हसावं की काय करावं. मग मी इतकी हसले की डोळ्यांत पाणी आलं, आणि ते पाणी नुसतं हसण्याचं नव्हतं. सुनेला वाटलं बाई रडतायत, ती बिचारी घाबरून आणखी एक पाण्याचा ग्लास घेऊन आली. इतके महिने मी जे वाक्य उरावर घेऊन फिरत होते ते त्यांच्यापर्यंत पोचलंच नव्हतं. फोन उचलत नव्हते कारण तो वाजतो हेच त्यांना कळत नव्हतं. मला अंगावरनं एखादं ओझं उतरावं तसं हलकं वाटलं.

भाभींनी खिचडी आणि चिंचेचा खट्टा वाढला. जेवण झालं. मी म्हणाले, "आता यंत्र आलंय. मग पुढच्या बैठकीला याच. सिल्लोड काही लांब नाही."

त्यांनी हात पुसत म्हटलं, "बघू."

"बघू काय? कानाचंच कारण होतं ना?"

"हां, कानाचंच."

पण हे ते माझ्याकडं न बघता म्हणाले. भाभी ताटं उचलत होत्या. त्या थांबल्या. "बोल दो ना. तब से पेट में रखके बैठे. आपा इत्ती दूर से आके अपनी बात बोल दिए. तुम बी बोलो."

वकीलसाहेबांनी हात पुसलेला रुमाल बाजूला ठेवला. मग म्हणाले, "मॅडम, तुम्हीच शिकवलंत. मनात राखून केलेला तह, तह नव्हे. ते मात्र मी नीट ऐकलं होतं. मग आता ऐका."

आणि त्यांनी सांगितलं. मी पुण्याला होते त्या रविवारी ते नेहमीसारखे वाचनालयात गेले. मागच्या खोलीला कुलूप. त्यांना वाटलं, आपण लवकर आलो. पायरीवर बसले. वेळ होऊन गेली. वाटलं, आज सगळ्यांना उशीर झाला. बसून राहिले. शेवटी वाचनालयाचा शिपाई आला आणि म्हणाला, "साहेब, तुम्ही इथं? आज मीटिंग इंजिनिअर साहेबांच्या घरी आहे. सगळे तिकडं गेले. तुम्हाला नाही सांगितलं?"

"बस, एवढंच," वकीलसाहेब म्हणाले. "तुम्हाला नाही सांगितलं? हेच वाक्य डोक्यात बसलं. यंत्र नव्हतं तेव्हा, तरी हे बरोबर ऐकू आलं."

त्यांचा फोन साधा, बटणांचा. ग्रुप त्यांच्या फोनवर दिसतच नव्हता. तो आम्ही सुरू केला तेव्हा ते त्यात नाहीत हे कुणाच्या डोक्यातही आलं नव्हतं. इंजिनिअरनी निरोप ग्रुपवर टाकला आणि सगळ्यांना कळलं असं सगळ्यांनीच धरलं.

"वकीलसाहेब, कुणी मुद्दाम नाही केलं."

"ते मला माहीत आहे. मुद्दाम केलं असतं तर मी भांडलो असतो. भांडायला मी भीत नाही. पण मुद्दाम नाही, विसरून केलं, तर कुणाशी भांडू? घरी आलो. मनात काय काय आलं. का विसरले? मीच का? शहराची हवा तुम्हाला ठाऊक आहे. नको ते विचार आले. मग लेकानं कानासाठी इकडं बोलावलं, मी म्हटलं बरं झालं." ते थांबले, मग माझ्या वाक्याकडं वळले. "आणि ते तुमचं विश्वासाचं. ते खरं नाही, मॅडम. विश्वास नसता तर त्या पायरीवर इतका वेळ बसलो नसतो."

माझ्या मनातलं ओझं वेगळंच निघालं आणि त्यांचं वेगळंच. आणि दोन्हींना एकमेकांचा पत्ता नव्हता. मी सिल्लोडला आले नसते तर दोघं तसेच राहिलो असतो, आणि दहा वर्षांनी कुणी विचारलं असतं तर म्हणालो असतो, काही नाही, भेटणं राहून गेलं.

"चुकलं आमचं," मी म्हणाले. या वेळी ओरडायची गरज पडली नाही. "संघात घ्यायचं आणि विचारायचं नाही, हे चुकलं."

"हां. हे बरोबर बोललात."

मी तिथनंच इंजिनिअरांना फोन लावला. वकीलसाहेबांना फोनवरचं ऐकू येत नाही म्हणून मीच सांगितलं, पायरी, कुलूप, शिपाई. पलीकडनं आधी, "आं? मी तर मेसेज टाकला होता की!" मग ते म्हणाले, "लई वाईट झालं ओ, मॅडम. त्यांना सांगा, मी येतो. फोनवर नाय बोलायचं हे."

ते खरंच आले. पुढच्या रविवारी त्यांनी गाडी काढली, बँकेच्या बाई, डॉक्टर आणि मला घेतलं आणि सीताफळांची एक पाटी मागं ठेवली. वाटभर ते गप्प होते. एरवी या माणसाच्या तोंडाला झाकण नसतं. वकीलसाहेबांच्या अंगणात पोचल्यावर पाटी खाली ठेवली, त्यांच्यासमोर उभे राहिले आणि म्हणाले, "वकीलसाहेब, मी कामगारांच्या पाळ्या लावायचो तेव्हा एकेकाच्या खांद्याला हात लावून सांगायचो. तुम्हाला सांगायचं मात्र मी मोबाइलवर सोडलं. माझं चुकलं. तुम्ही बोला काय बोलायचं ते."

वकीलसाहेब म्हणाले, "सीताफळं पिकलेली आहेत का?"

"व्हय, आजच खायला पाहिजेत."

"मग बसा."

तेवढंच झालं. मला वाटलं होतं आणखी काही बोलणं होईल. पण दोघांना ते पुरेसं होतं. खाटा जोडून आम्ही गोल बसलो. जरा वेळानं इंजिनिअरना त्यांचा आवाज परत सापडला. म्हणाले, "एक सांगू का? तुमचा बेलीफ नोटीस घेऊन आला असता ना, तर मी वकील लावला असता. आलो नसतो."

"बेलीफ नव्हता," वकीलसाहेब म्हणाले, "पण मॅडम आल्या. त्या बेलिफापेक्षा कडक. समन्सही नाही, एकदम घरात."

मग ती बैठक झाली. मी मांडणार होते पाहुण्याचा हक्क, तसं सुरुवातीला सांगितलंही. परक्या मुलखात गेलेल्या माणसाला शत्रू समजू नये, एवढाच तो हक्क. तो तिथं कायमचं घर मागू शकत नाही, पण येऊ शकतो, भेटू शकतो, आणि असं येणंजाणं वाढत गेलं की संघाला पाया मिळतो. पण आमची गाडी तिथं पोचलीच नाही. आधीच्याच मुद्द्यावर दीड तास गेला. सदस्यानं सही मोडली तर काय करायचं, हा वकीलसाहेबांचा प्रश्न. आता त्यात दुसरा आला. सही कुणी मोडली नाही, पण एकाला विचारायचंच राहून गेलं, तर? बँकेच्या बाई म्हणाल्या की बहुतेक भांडणं मोडण्यापेक्षा विचारायचं राहण्यानंच होतात, घरातही. वकीलसाहेबांनी ते मान्य केलं. विचारणं हा संघाचा पाया, हे लिहून घ्या म्हणाले. डॉक्टरांनी हळूच विचारलं, "म्हणजे आता बेलीफ नको?"

"कोण म्हणालं नको? माझा आक्षेप कायम आहे. तो वेगळा लिहा."

मला आत कुठंतरी ही भीती होती की आता ते माझ्या भिडेनं माझं सगळं मान्य करत जातील. तसं झालं नाही. तो 'आक्षेप कायम आहे' ऐकून मला जेवढं बरं वाटलं तेवढं त्यांनी माझी बाजू घेतली असती तरी वाटलं नसतं. माणूस आपल्याशी पुन्हा मोकळेपणानं भांडायला लागला की समजावं, आत काही राहिलेलं नाही.

भाभी दाराच्या चौकटीत बसून ऐकत होत्या. निघताना त्यांनी मला बाजूला घेतलं. "आपा, एक बात पूछूँ? ये सब देशां मिल जाते बोलके किताब में है, कब मिलते वो है क्या?"

"नाही, भाभी. ते कुणालाच माहीत नाही. मिळणारच नाहीत असंही कुणी सिद्ध केलेलं नाही. म्हणून मिळतील असं धरून आपण वागत राहायचं, एवढंच ते सांगतात."

त्यांनी जरा विचार केला. "अच्छा है," म्हणाल्या. "मैं बी आऊँ क्या अगले महीने?"

परतताना गाडीत सगळे एकाच वेळी बोलत होते. मी पुढच्या सीटवर बसल्या बसल्या झोपले. फुलंब्री कधी गेली कळलं नाही.

पुढच्या महिन्यातली बैठक वाचनालयात होती. छत झालं होतं, नव्या चुन्याचा वास येत होता. जागा आणि वेळ आम्ही सिल्लोडच्या अंगणातच ठरवली होती, आणि तरी आदल्या दिवशी इंजिनिअरनी वकीलसाहेबांच्या मुलाला फोन करून निरोप दिला आणि तो त्यांना सांगितल्यावर आपल्याला परत कळवायचं, असं बजावलं. ठरलेली वेळ झाली, वकीलसाहेब आले नाहीत. कुणी सतरंजीवर बसलं नाही. डॉक्टर खिडकीशी उभे, बँकेच्या बाई चहाच्या थर्मासचं झाकण उघडून बघत आणि परत लावत. इंजिनिअर दोनदा फाटकापर्यंत जाऊन आले. मी मुलाला फोन केला, तो म्हणाला निघालेत कधीच. मग काळजी. मग आम्ही कोणती बस, कोणता रस्ता यावर तर्क करत बसलो.

शेवटी फाटकात रिक्षा थांबली. वकीलसाहेब उतरले, मागनं भाभी, हातात डबा. बस वाटेत बंद पडली होती, दुसरी मिळेपर्यंत रस्त्याच्या कडेला उभे होते. घामेजलेले आत आले, सगळ्यांकडं बघितलं, आणि सुरुवातीलाच आवाज चढवला.

"हे काय? अजून सुरू नाही केलं?"

इंजिनिअर म्हणाले, "सुरू कसं करणार? कोरम नव्हता."

"कोरम कितीचा ठरला होता?"

"सगळ्यांचा."

वकीलसाहेब सतरंजीपाशी आले. चपला काढल्या, भाभींना भिंतीला टेकून बसायला जागा करून दिली आणि खिशातनं डबी काढून यंत्र कानाला लावलं. बारीक शिटी वाजली, ती थांबेपर्यंत आम्ही सगळे गप्प बसलो. मग ते माझ्याकडं वळले.

"हां मॅडम. पाहुण्याच्या हक्काचं काय ते सांगणार होतात?"